जोडण्यापुरता हात

शिरगाव, बदलापूर (पूर्व)
८ डिसेंबर २०२५

ती. सखामामा,

नमस्कार आधीच करून ठेवतो, कारण पुढची बातमी वाचल्यावर तुमचं लक्ष नमस्काराकडे राहणार नाही.

आई पडली. नवसीने तुम्हाला सांगितलंच असेल, आणि रडत सांगितलं असेल, म्हणून मी नीट लिहितो. शुक्रवारी सकाळी नवसी वाडीहून वालाच्या शेंगा विकायला घेऊन नेहमीसारखी आमच्या बिल्डिंगखाली आली. आई तिची टोपली उतरवायला पुढे झाली. एकाहत्तर वर्षांच्या बाईने दुसऱ्याच्या डोक्यावरच्या ओझ्याला हात घालायचं काही कारण नव्हतं, पण माहेरची टोपली दिसली की तिचे हात ऐकत नाहीत. फरशी नुकतीच पुसलेली होती. पाय सरकला आणि ती उजव्या खांद्यावर पडली. टोपली मात्र तिने सोडली नाही. "एक शेंग सांडू दिली नाय इंदूआत्यानी," असं नवसी रडत रडत सगळ्या बिल्डिंगला सांगत होती.

उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये, एका हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. खांद्याच्या गोळ्याखाली हाड मोडलं आहे, तीन तुकडे आहेत. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो काचेवर लावून दाखवला. मी कंपनीत रोज किती नमुने तपासतो, काय चांगलं आणि काय बाद हे सांगतो, पण आईच्या आतलं हाड डोळ्यांनी पाहताना मला चोरून काही पाहिल्यासारखं वाटलं. ज्या खांद्यावर मान टाकून मी झोपलो, तो आतून एवढा नाजूक, एवढा पांढरा होता.

डॉक्टर म्हणाले, धातूची पट्टी आणि स्क्रू घालून तुकडे एकत्र धरता येतील. पण या वयात हाड ठिसूळ होतं, स्क्रू धरतीलच याची खात्री नाही, शिवाय आईची साखर आणि बीपी. नाही केलं तर हात गळ्यात अडकवून ठेवायचा, हाड आपलं आपण जुळेल. मग हात किती वर जाईल ते आज सांगता येत नाही. काय ते येत्या आठवड्यात ठरवा, नंतर ऑपरेशन अवघड होतं.

माझा कल ऑपरेशनकडे आहे. पद्मजा म्हणते, घाई नको. आईला विचारलं तर ती म्हणते, "तुम्ही ठरवाल ते." गळ्यातली झोळी ती पद्मजालाही सैल करू देत नाही. फार दुखत असणार.

फोन केला असता, पण तुम्हीच म्हणता ना, "फोनवर देवदत्त बोलतो ते अख्ख्या वाडीला ऐकू येतं, फक्त मला येत नाही." म्हणून नवसीच्या टोपलीत हे पत्र. तुमचा हात लहानपणी मोडला होता. तुम्हाला यातलं आमच्यापेक्षा जास्त कळतं. काय करू ते लिहा.

आपला,
देवदत्त


वाडी
१२ डिसेंबर

चि. देवदत्त,

तुला, पद्मजाला आणि माझ्या बहिणीला डाव्या हाताचा आशीर्वाद. उजवा कसा आहे ते तुला ठाऊक आहे. लहान असताना तू सगळ्यांदेखत विचारलं होतंस, "मामा डाव्या हाताने का देतो आशीर्वाद, तो अपशकुनी आहे का?" तेव्हा इंदूने तुला असा चिमटा काढला की तू देवळाच्या पायरीवर बसून रडलास. मला राग आला नव्हता. पोराने पाहिलं ते विचारलं.

तेव्हा नीट ऐक. ऑपरेशन कर.

मी मोहाच्या झाडावरून पडलो तेव्हा मिशा फुटायच्या होत्या. आमच्या काळी ऑपरेशन कुठलं? कामट्या लावून बांधून ठेवलं. हाड जुळलं, पण हात छातीच्या वर कधी गेला नाही. भाताची पेंढी डोक्यावर चढवायला मला कायम दुसरा माणूस लागला. बैलाच्या मानेवर जू ठेवायला लागला. लग्नात बाशिंग बांधताना माझा हात वर जात नाही म्हणून वऱ्हाडी हसले. देवळाचा झेंडा मी म्हणवतो माझा, पण तो काठीवर चढवतो दुसराच. बाबा रे, सगळं आयुष्य छातीखाली जगलो मी. इंदूचं तसं व्हायला नको.

डॉक्टर शिकलेले आहेत. त्यांना पट्टी घालू दे, स्क्रू घालू दे, काय घालायचं ते घालू दे.

आणि रामनवमीला पाळण्याची पहिली दोरी कोण ओढणार? आपल्या वाडीत तो मान गावाबाहेर दिलेल्या लेकींतल्या सगळ्यात मोठीचा. तुझ्या आईच्या आधी नंबर लागणाऱ्या सगळ्या गेल्या. आता तीच.

नवसी म्हणते, तिच्यामुळे झालं. तिला मी सांगितलं की टोपलीमुळे कुणी मरत नाही.

तुझा मामा,
सखा


शिरगाव
१८ डिसेंबर

ती. मामा,

तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं नाही. वाचलं असतं तर तिने लगेच हो म्हटलं असतं, आणि ते हो तुमच्यासाठी असतं.

खरं सांगतो, तुमचं पत्र आल्यावर मी ऑपरेशनची तारीख घ्यायलाच निघालो होतो. पद्मजा म्हणाली, अजून एका डॉक्टरांना दाखवू. अंबरनाथला एक वयस्कर डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी फोटो पाहिला आणि माझ्याकडे न बघता आईला विचारलं, "आजी, या हाताने तुम्हाला काय काय करायचं आहे?"

मामा, इतके दिवस आम्ही किती बोललो. स्क्रू, साखर, वय, हाड. हा प्रश्न कुणालाच सुचला नाही.

आईने झोळीतल्या हाताकडे पाहिलं. मला वाटलं, आता वेणीचं म्हणेल, किंवा पाळण्याचं. ती म्हणाली, "दोन्ही हात जोडता आले पाहिजेत. एका हाताने नमस्कार करते तर रिक्षा थांबवल्यासारखं वाटतं."

डॉक्टरीणबाई हसल्या. मग म्हणाल्या, "आणि वेणी?"

"वेणी सून घालते. तिला नीट येत नाही, पण शिकेल." पद्मजा शेजारीच होती. "वाकडी घालते हो," ती म्हणाली, "मुद्दाम. नाहीतर कायमची माझ्याच गळ्यात."

"आणि उंच फळीवरचा डबा?"

"डबा खाली ठेवायचा." आईने हे असं सांगितलं, जणू डॉक्टरीणबाईंनाच एवढं साधं कळत नव्हतं.

मग त्यांनी मला समजावलं. असे खांदे या वयात पुष्कळदा दोन्ही मार्गांनी जवळपास सारखेच होतात. तुकडे फार सरकलेले नाहीत. ऑपरेशन चूक नाही, पण त्याचा धोका वेगळा आहे. हात जोडायला तो डोक्याच्या वर जावा लागत नाही, छातीपर्यंत यावा लागतो. "एक मात्र आहे," त्या म्हणाल्या, "दोन-तीन आठवड्यांनी झोळीतून काढून हात हलवायला सुरुवात करावी लागेल, दुखलं तरी. हाड जुळायला स्थिर राहावं लागतं, पण सांधा हलला नाही तर तो विसरतो."

आई मान हलवत होती. झोळीची गाठ तिने डाव्या हाताने धरून ठेवली होती.

त्या दोघींना रिक्षात बसवून मी कंपनीत जायच्या आधी शिवमंदिरात गेलो. तुम्ही मला पहिल्यांदा तिथे नेलं होतं, खाली गाभाऱ्यात पायऱ्या उतरताना मी तुमचं धोतर धरलं होतं. आज उतरून पिंडीवर पाणी घातलं आणि बाहेर भिंतीपाशी उभा राहिलो. इतक्या वर्षांत कधी नीट पाहिलं नव्हतं. त्या भिंतीवरच्या कितीतरी मूर्तींचे हात खांद्यापासून गेलेले आहेत. कुणाचा कोपरापासून, कुणाचा मुळापासूनच. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी एवढ्या मायेने घडवले, ते मोडले, आणि तसेच राहिले. दगडाला मोडलेलं जुळवता येत नाही. आणि आमच्या घरी, शिरगावच्या दोन खोल्यांत, एक म्हातारी भिंतीला टेकून बसली आहे आणि तिच्या आत आत्ता, या घटकेला, कुणी न सांगता हाड जुळायला लागलं आहे. ते काम चालू असताना ती टीव्ही बघते, चहा गोड नाही म्हणून कुरकुरते. मी पायरीवर बसलो.

मामा, ऑपरेशन करायचं नाही असं ठरवलं आहे. तुमच्या शब्दाबाहेर गेलो. रागावा, पण उत्तर लिहा.

आपला,
देवदत्त


वाडी
२४ डिसेंबर

चि. देवदत्त,

ठरवलंच आहेस तर मी काय लिहू? तुझी आई तुझ्याजवळ आहे, माझ्याजवळ तिचं फक्त माहेर आहे.

मूर्तींचं लिहिलंस ते नवसीच्या पोराकडून दोनदा वाचून घेतलं. चष्मा आहे, पण माझं मलाच वाचवेना. माझा हात म्हणजे त्यांतलाच एक.

हात हलवायचं ते मात्र वेळेवर सुरू कर. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आहे ते विसरू नकोस. जास्त लिहीत नाही.

सखा


शिरगाव
१९ जानेवारी २०२६

ती. मामा,

दोन गोष्टी लिहायच्या आहेत. एक चांगली आहे. दुसरीमुळे मला काय करावं ते कळत नाही.

चांगली आधी. आज नवा फोटो काढला. डॉक्टरीणबाईंनी जुना आणि नवा शेजारी लावले. तुकड्यांच्या मध्ये, जिथे काळी फट होती, तिथे आता एक पांढुरकं काहीतरी आहे. हाडासारखं घट्ट नाही, ढगासारखं. पहाटे बारवी धरणाच्या पाण्यावर धुकं असतं ना, तसं. मी विचारलं, हे काय? त्या म्हणाल्या, "नवं हाड. असंच येतं, आधी ढगासारखं, मग घट्ट होतं." मी फोटोकडे बघत राहिलो. मागे रांग होती, कुणीतरी म्हणालं, "ओ भाऊ, पुढे चला ना." एकाहत्तराव्या वर्षी आईच्या शरीरात नवीन काही तयार होतंय, ज्याला कालपर्यंत अस्तित्व नव्हतं. मला वाटायचं म्हातारपणी शरीर फक्त उणं होत जातं.

आता दुसरी. झोळी.

हात हलवायला सुरुवात करायचे दिवस केव्हाच उलटून गेले. मीनल नावाची मुलगी व्यायाम शिकवायला घरी येते. ती सांगते, आजी, टेबलाला डावा हात टेकून पुढे वाका आणि उजवा नुसता लोंबू द्या. आई दर वेळी काहीतरी काढते. आज ठणकतंय. आज चक्कर येतेय. आज एकादशी. पहिले काही दिवस आम्ही समजून घेतलं. पण आज डॉक्टरीणबाई कडक बोलल्या. हाड जुळतंय, पण खांदा आखडत चाललाय, आणखी महिना गेला तर तो परत येणं कठीण. छातीपर्यंतसुद्धा.

घरी येऊन मी पहिल्यांदाच आईवर ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "रामजन्म झाल्याशिवाय ही गाठ सुटणार नाही. मी पडले त्याच दिवशी बोलले आहे. हात रामाला सांभाळायला दिलाय."

नवस! मामा, आम्हाला वाटत होतं तिला दुखतंय.

मी म्हटलं, डॉक्टर सांगतात हात जाईल. ती म्हणाली, "तुमच्या डॉक्टरला काय माहीत? सख्या पडला तेव्हा आईने हाच नवस केला होता. रामनवमीपर्यंत त्याचा हात सोडला नाही. वाचला ना त्याचा हात? लोक म्हणत होते, हात कापावा लागेल."

पद्मजा म्हणाली, श्रद्धेपुढे भांडू नका, तुम्हीही रोज पूजा करता. ते खरं आहे. मी देवाला मानतो. म्हणूनच मला कळत नाही की मी कुणाविरुद्ध बोलतो आहे. देव जर हाड जुळवतो आहे, आणि तेही मी डोळ्यांनी पाहिलं, तर तोच खांदा आखडवतो आहे का?

मीनल म्हणाली, "दादा, आजींना हात सोडायचीच भीती आहे. नवस नसता तरी असती."

आईला तुमचा शब्द प्रमाण आहे. काही करता आलं तर करा.

देवदत्त


वाडी
२५ जानेवारी

चि. देवदत्त,

हे पत्र इंदूला वाचून दाखव. एक शब्द गाळू नकोस. तिला ऐकू जाईल असं मोठ्याने वाच, कारण तिलाही आता कमी ऐकू येतं, ती कबूल करत नाही एवढंच.

इंदू, मी पडलो तेव्हा तू फ्रॉकमधली होतीस. तुला आठवतं ते बरोबर आहे, पण अर्धं आहे.

दसऱ्यानंतर मी मोहावरून पडलो. पलीकडच्या गावचा वैद्य आला, हाड बसवलं, कामट्या बांधल्या. जाताना आईला म्हणाला, चंद्र एकदा फिरून आला की सोडा आणि हात हलवू द्या. लोक हात कापावा लागेल म्हणत होते, हे खरं. आई घाबरली आणि देवळात जाऊन बोलली की रामजन्मापर्यंत हा हात सोडणार नाही. महिन्याने वैद्य परत आला. आईने त्याला गूळपाणी दिलं आणि म्हणाली, हात आता रामाकडे आहे. तो ओट्यावर बसून राहिला, मग उठून गेला.

रामनवमीला पाळणा झाल्यावर आईने स्वतः कामट्या सोडल्या. हाड एकदम घट्ट. आईने गावात साखर वाटली. तुला दोन मुठी मिळाली, तू नाचलीस. मी हात वर करायला गेलो. तो गेला नाही. आई म्हणाली, जाईल हळूहळू. मी म्हटलं, हो.

तो कधी गेला नाही. हाड देवाने वाचवलं, इंदू. हात बांधून ठेवल्यामुळे गेला. मला हे पहिल्या वर्षीच कळलं होतं. आईला सांगितलं नाही, तुला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. देवदत्तला पहिल्या पत्रात लिहिलं की बांधून ठेवलं आणि असं झालं. ते खोटं नाही, पण का बांधून ठेवलं ते लिहिलं नाही.

आईने चूक केली असं कुणी म्हणू नका. माझ्या समोर तरी नको. माणूस देवाला त्याच्याकडे जे असतं ते देतो. तिच्याकडे तेव्हा माझा हातच होता.

आता तुझ्या नवसाचं. ज्या रामाला तू बोललीस त्याच्या देवळाची किल्ली माझ्याकडे आहे. आज पहाटे अंघोळ करून मी त्याच्यापुढे बसलो. सांगितलं, इंदूचा हात सांभाळलास, उपकार झाले, आता तिचा तिला परत दे. रामाला कौल लावायची आपल्यात पद्धत नाही, म्हणून गावदेवीला लावला. फूल लवकर पडेना. मी बसून राहिलो. गुडघे दुखायला लागले. मग पडलं. उजवीकडे पडलं. गाठ सोड.

या पत्राबरोबर पाळण्याची दोरी पाठवतो आहे. आपल्या आईने लुगड्यांचे काठ फाडून वळलेली, तीच. नवसी छातीशी धरून आणेल. तू एवढीशी असून मला शिकवायचीस, आठवतं का? मी पाळणा जोरात ओढायचो, देव आत आपटायचा. तू म्हणायचीस, "सख्या, पाळणा ओढायचा नसतो. एकदा हलवायचा नि सोडायचा. तो आपला आपण परत येतो." ती व्यायामवाली पोरगी सांगते ते हेच आहे. हातसुद्धा पाळणाच आहे. सोडून बघ.

दोरी नवसीबरोबर परत पाठवू नका. रामनवमीला ती इंदूनेच आणायची. नाही आली तर पाळणा तसाच राहील, आणि देव माझ्याकडे बघेल.

तुझा भाऊ,
सखा


शिरगाव
१२ फेब्रुवारी

ती. मामा,

तुमचं पत्र घेऊन नवसी आली तेव्हा ती खाली थांबली नाही, तीन जिने चढून वर आली. दोरी तिने लाल फडक्यात बांधली होती. आईच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "टोपली मी माझी उतरवीन आत्ये. ह्ये तुझं तू धर."

मी वाचलं. एक शब्द गाळला नाही. "मी म्हटलं, हो" इथे आई म्हणाली, थांब, परत वाच. मी परत वाचलं. ती म्हणाली, अजून एकदा. तिसऱ्यांदा वाचून मी पत्र पद्मजाकडे दिलं, पुढचं तिने वाचलं.

आई उठली. जेवली, औषध घेतलं. मग एकदम म्हणाली, "तो डाव्या हाताने आशीर्वाद द्यायचा तेव्हा मला लाज वाटायची लोकांची." एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून देवासमोर पाटावर बसली आणि पद्मजाला हाक मारली. "सोड ही गाठ." गाठ इतकी घट्ट बसली होती की पद्मजाला नखांनी उकलावी लागली. झोळी निघाली. मामा, आईने तो हात पोटाशी तसाच धरून ठेवला, झोळी नव्हती तरी. कुणाच्या मुलाला घेऊन बसावं तसा. मीनल आली, वाका म्हणाली. आई वाकली. पण हात सुटेना. तिचं तिलाच तो सोडता येत नव्हता. कपाळावर घाम आला.

मग तिनेच सांगितलं. दोरीचं एक टोक तिने उजव्या मुठीत धरलं. दुसरं पद्मजाच्या हातात दिलं आणि तिला समोर जमिनीवर बसवलं. "हलक्या हाताने हलव. ओढू नकोस हं, आत देव आहे." पद्मजाने दोरी अगदी जराशी हलवली. आई पाळण्याचं गाणं गुणगुणायला लागली, शब्द नव्हते, नुसता सूर. कुठल्या कडव्याला ते कळलं नाही, पण पाहता पाहता तिचा हात पोटापासून सुटला आणि लोंबला. मग हलला. पुढे, मागे. मीनल माझ्या कानाशी म्हणाली, "दादा, वहिनींची दोरी बघा." दोरी सैल पडली होती. पद्मजाने केव्हाच हलवायचं थांबवलं होतं. हात आपला आपण झुलत होता.

मी दारात उभा होतो. आयुष्यात पुष्कळ आरत्या केल्या, पण असा उभा कधी राहिलो नव्हतो. त्या दिवशी मला हेही कळलं की हाडाला सांगणारा आणि खांद्याला सांगणारा वेगळा नाही. तो सांगतो, धर. मग तोच सांगतो, सोड. ऐकायचं आपण असतं.

आता रोज चालू आहे. दुखतं, ती ओरडते, मीनलला शिव्या देते, मग तिलाच चहा करायला लावते. हात पोटापर्यंत येतो. छातीपर्यंत अजून नाही. येईल का, डॉक्टरीणबाई सांगत नाहीत. रामनवमीला माझ्या कंपनीत तपासणी आहे, रजा मिळणार नाही. आईला नवसीबरोबर पाठवतो. तुम्ही बघून लिहा.

देवदत्त


वाडी
३१ मार्च

चि. देवदत्त,

इंदू पोचली त्या दिवसापासून घरात माझं काही चालत नाही. आल्या आल्या म्हणाली, "डबे एवढे उंच कशाला ठेवतोस?" सगळे खाली काढले.

दोरी तिने कमरेला बांधून आणली. एसटीत कंडक्टरने विचारलं म्हणे, आजी, बकरी कुठे? नवसीने त्याला असं सुनावलं की पुढच्या फाट्यापर्यंत तो बोलला नाही.

आता रामनवमीचं. दुपारी देऊळ भरलं. पोरं खांबांवर चढली. देव पाळण्यात घातला, मी दोरी पाळण्याला बांधली, आणि सगळ्यांनी इंदूला वाट दिली. ती पुढे आली, पण दोरी घेतली नाही. पाळण्यासमोर उभी राहिली आणि हात वर घ्यायला लागली. दोन्ही. डावा लवकर आला आणि छातीपाशी थांबला. उजवा हळूहळू येत होता. गाणारे थांबले. मला ऐकू येत नाही, तरी मला कळलं की थांबले, कारण सगळी तोंडं मिटलेली दिसली. तो येत होता, येत होता. मग डाव्याला टेकला. उजवा तळवा बोटभर खालीच राहिला, पण टेकला. इंदूने डोळे मिटले. नवसी मागे उभी होती, ती मोठ्याने रडायला लागली, ते मात्र मला ऐकू आलं.

मग इंदूने दोरी घेतली, एकदा हलवली आणि सोडली. पाळणा कितीतरी वेळ झुलत राहिला. एवढे रामजन्म मी पाहिले. पाळणा आपण ओढतो म्हणून हलतो असंच मला वाटायचं.

सुंठवडा वाटून झाला, लोक गेले. मी कुलूप शोधत होतो. इंदू पाळण्याची दोरी सोडून घेऊन माझ्याजवळ आली. कानाशी ओरडली, "सख्या, वाक."

मी म्हटलं, कशाला?

"खांबाला डावा हात टेक आणि वाक. मीनलने मला शिकवलं, आता मी तुला."

मी म्हटलं, "वेडी आहेस का? हा हात लाकूड होऊन आयुष्य गेलं."

"लाकडाचाच असतो पाळणा. वाक म्हणते ना!"

वाकलो. तिने दोरी माझ्या मुठीत दिली, समोर बसली. हात सुटेना. मग तिने आपल्या आईचं नाव घेतलं, मोठ्याने नाही, पण तिच्या ओठांवरून मी ओळखलं. देवदत्त, माझा हात लोंबला. हलला. जास्त नाही, सुपारी घरंगळावी एवढाच. पण मी हलवत नव्हतो. मी माझ्या हाताकडे बघत होतो, जसं दुसऱ्याच्या घरचं पोर अंगणात आलेलं बघावं.

आता रोज सकाळी देवळात आम्ही दोघं वाकतो. बायका पाण्याला जाताना हसतात. इंदू त्यांना सांगते, हसा, तुमची पाळी पण येईल. हनुमान जयंतीनंतर तुझ्याकडे परत येईन असं ती म्हणते. मी घाई करत नाही.

तू येशील तेव्हा एक कर. नेहमी तू नमस्कार करून लगेच ताठ उभा राहतोस आणि मी डावा हात वर करून देतो. या खेपेला उठू नकोस. खाली वाकलेलाच राहा, जरा जास्त वाक. मी काल नवसीच्या पोरावर करून पाहिलं. एवढं वाकलं की उजवा पोचतो.

सखा